मुतखड्याचा सातबारा

ज्या दुखण्यांनी मनुष्य जर्जर होतो, त्यांपैकी बहुतेकांस समाजात काही ना काही प्रतिष्ठा लाभलेली आहे. हृदयविकाराच्या मनुष्याशी लोक हलक्या आवाजात बोलतात, मधुमेह हा खात्यापित्या घराचा दाखला मानला जातो, आणि क्षयाने तर एके काळी मराठी कादंबऱ्यांतल्या कितीतरी नायिका पैलतीरी पोचविल्या. परंतु मूत्रमार्गाच्या व्याधींचे नाव चारचौघांत काढण्याची सोय नसल्यामुळे त्यांच्या वाट्याला साहित्यात आणि बैठकीत सारखीच उपेक्षा आली. अपवाद काय तो मुतखड्याचा. तो पोटात असेपर्यंत भला गृहस्थ गडबडा लोळतो हे खरे. पण एकदा बाहेर पडला, की इवल्याशा प्लास्टिकच्या डबीत, कापसाच्या गादीवर, घरातील मौल्यवान चीज म्हणून तो विराजमान होतो, आणि समाचारास आलेल्या मंडळींपुढे चहाच्या आधी फिरविला जातो. पाहुणे डबी कानाशी नेऊन हलवितात, ‘केवढा हो हा!’ असे उद्गारतात, आणि यजमान ‘आठ एमएम’ एवढेच उत्तर अत्यंत विनयाने देतात. आमच्या संगमनेरात एखाद्याचे उत्पन्न किती हे शेजाऱ्यास ठाऊक नसेल, पण त्याचा खडा कोणत्या बाजूस होता आणि किती मिलिमीटर होता, हे नेहरू चौकापासून प्रवरेच्या घाटापर्यंत सर्वांस विदित असते.

परंतु या डबीच्या पलीकडे मुतखड्याचा आणखी एक मुक्काम असतो, आणि तो म्हणजे दफ्तर. खडा देहातून निघाला तरी कागदात अडकतो, आणि देहातून काढण्यास जेथे घटका-दोन घटका पुरतात, तेथे कागदातून काढण्यास कधीकधी महिने लागतात. हे दुसरे शास्त्र पहिल्याहून सूक्ष्म आहे, आणि सुदैवाने त्या शास्त्रातील दोन अधिकारी व्यक्ती माझ्याच घरात असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस मी करीत आहे.

त्यांपैकी पहिली व्यक्ती म्हणजे माझे थोरले बंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. महसूल खात्यात सारी हयात घालवून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांच्यातला अव्वल कारकून मात्र अद्याप निवृत्त झालेला नाही. ‘ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही’ हे त्यांचे जीवनसूत्र होते, आणि त्या सूत्रास अनुसरून निराधार योजनेची म्हातारी टेबलासमोर काठी टेकून उभी असताही ते तिच्याकडे हयातीचा दाखला मागत असत. यात क्रौर्य नव्हते. म्हातारी जिवंत आहे हे डोळ्यांना दिसत असले तरी फाइलीला दिसत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असे. दुसरी व्यक्ती म्हणजे त्यांची कन्या. संगमनेरातच औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन, पुण्याच्या एका कंपनीची नोकरी पत्करून, ती आता घरच्याच माडीवर संगणकापुढे बसते, आणि अमेरिकेतील अपरिचित गृहस्थांच्या मूत्रमार्गावर झालेल्या शस्त्रक्रियांचे आकड्यांत रूपांतर करते. या व्यवसायास मेडिकल कोडिंग म्हणतात. तिच्या विवाहाची बोलणी करताना ‘मुलगी काय करते?’ या साध्या प्रश्नापुढे आमची वहिनी दर वेळी किंचित थबकते, आणि ‘संगणकावर असते’ असे सांगून लगेच पोह्यांची बशी पुढे करते. एकदा मुलाच्या आत्याबाईंनी खोदून खोदून विचारले, तेव्हा दादांनीच खुलासा केला, की मुलगी अमेरिकन लोकांच्या लघवीच्या वाटेचा जमाखर्च सांभाळते. त्या स्थळाकडून पुढे निरोप आला नाही.

या जमाखर्चाची पद्धत अशी. तिकडे डॉक्टराने शस्त्रक्रिया केली, की तिचा साद्यंत वृत्तांत तो लिहून ठेवतो. त्या वृत्तांतातून रोगाचा एक आकडा आणि इलाजाचा दुसरा आकडा काढून ते एकमेकांशी जुळतात अशी रुजवात घातल्यावाचून विमा कंपनी छदामही सोडीत नाही. तेथे रात्र पडते तेव्हा आपल्याकडे उजाडलेले असते, त्यामुळे तिकडचा रोगी झोपेतून उठण्यापूर्वी त्याचा खडा संगमनेरच्या माडीवर नोंदला गेलेला असतो. रोगाच्या आकड्यांचा ग्रंथ निराळा, इलाजाचा निराळा. खडा मूत्रपिंडात असेल तर एन २०.०, खालच्या नळीत उतरला असेल तर एन २०.१, आणि दोन्हीकडे ठाण मांडून बसला असेल तर एन २०.२. नळीत दुर्बीण घालून खडा फोडला तर ५२३५३; फोडून झाल्यावर आत डीजे स्टेंट नावाची नळी ठेवली तर ५२३५६. पूर्वी फोडणे आणि नळी ठेवणे यांच्या दोन वेगळ्या नोंदी करून दोन्हींचे पैसे मागत. पण २०१४ साली हा शेवटचा आकडा निघाला आणि एका शिधापत्रिकेवर आलेल्या एकत्र कुटुंबासारखी दोहोंची मोट एकाच क्रमांकाखाली बांधली गेली. आता त्याच बाजूची फाळणी करून दोन हिस्से मागणे हा अपराध समजतात. बाजू डावी की उजवी हे आकड्याच्या शेपटीला दोन अक्षरे जोडून सांगावे लागते, दोन्ही बाजू असतील तर ५० ही शेपटी निराळीच, आणि ती राहून गेली तर अख्खी मागणी नामंजूर होऊन परत येते. कारण ज्या विमा कंपनीने मूत्रपिंड कधी पाहिलेले नाही, तिला ते कोणत्या बाजूचे होते याची मात्र तीव्र उत्कंठा असते.

या विद्येची परीक्षा मोठी असते. ४ तासांत १०० प्रश्न सोडवावयाचे आणि शेकडा ७० गुण मिळवावयाचे, असा तिचा शिरस्ता. परीक्षेत ग्रंथ उघडून बसण्याची राजरोस मुभा आहे हे ऐकून दादांच्या मनात तिच्याविषयी प्रथम अनादर उत्पन्न झाला होता. पण ग्रंथांचे आकारमान पाहिल्यावर तो लयास गेला. रोगांच्या ग्रंथाचे मूळ १८९३ साली झाक बर्तियाँ या फ्रेंच गणनाशास्त्रज्ञाने केलेल्या मरणकारणांच्या यादीत आहे. त्या यादीने पुढे असे काही बाळसे धरले, की १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत लागू झालेल्या आवृत्तीत बदकाने धडक दिल्यास स्वतंत्र क्रमांक आहे आणि गायीने धडक दिल्यासही आहे. एवढेच नव्हे, तर बदकाच्या धडकेसाठी रोगी प्रथमच उपचारास आला आहे, की पुनश्च आला आहे, की त्या धडकेचे जुने परिणाम भोगीत आहे, यांची तीन निरनिराळी अक्षरे मुक्रर आहेत. संगमनेरच्या बाजारपेठेत गायीची धडक लागणे ही गोष्ट नित्याची असूनही आपण तिची नोंद कोठेच ठेवली नाही, याचा विषाद दादांना त्या दिवशी फार झाला.

तथापि मराठी मनुष्याने या आकडेशाहीपुढे दिपून जाण्याचे कारण नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने इलाजांच्या क्रमांकांचे पहिले पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध केले. आणि आपली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता हीदेखील १९६६ सालचीच. त्यांचे आकडे आरंभी चार अंकी होते, ते १९७० साली पाच अंकी झाले. आपण गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एवढ्या काटकसरीत साऱ्या महाराष्ट्राची जमीन बसविली, आणि वर आठ अ शिल्लक ठेवला. ज्या समाजात जमीन सातबारा होते, ग्रहपीडेला साडेसाती म्हणतात आणि लबाडास चारशेवीस म्हणून हाक मारतात, त्या समाजास ५२३५६ चे भय ते काय! उलट, १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात येऊन फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी आमच्या गावातील एकाही चारशेवीसाने आपला जुना क्रमांक सोडलेला नाही, यावरून आकड्याशी आपले नाते किती जिव्हाळ्याचे आहे हे दिसून येते.

असे हे दोन पिढ्यांचे दफ्तर एकाच छपराखाली सुखाने नांदत असता गेल्या उन्हाळ्यात खुद्द दादांच्याच पोटात कळ उठली. पहाटेची वेळ, कळ पाठीतून निघून जांघेकडे उतरणारी, आणि दादा देवघरासमोर आडवे. कन्या माडीवरून धावत आली, तिने वडिलांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि काळजीच्या स्वरात म्हणाली, “काका, सध्या एन २३ धरू या.” एन २३ म्हणजे कारण निश्चित न झालेली मूत्रपिंडाची कळ. मी म्हणालो, “अगं, मुतखडाच असणार.” त्यावर तिने मान हलविली. “सोनोग्राफी होईपर्यंत तसं म्हणता येत नाही. नुसत्या संशयावर कोड लावायचा नसतो.” दादा त्या अवस्थेतही हुंकारले, “बरोबर आहे. पंचनाम्याआधी निष्कर्ष नको.”

सोनोग्राफीने पंचनामा केला. डाव्या नळीत ९ मिलिमीटरचा खडा. ही वार्ता पसरताच आळीतील सर्व वैद्यकशास्त्र आमच्या ओसरीवर जमा झाले. कोणी कुळथाचे कढण आणले, कोणी पानफुटीची पाने, कोणी मक्याच्या कणसाचे केस. एका गृहस्थाने सारा दोष टोमॅटोच्या बियांवर ठेवला, तेव्हा ज्यांचे टोमॅटो त्याच आठवड्यात बाजारात जायचे होते त्या आमच्या शेजाऱ्यांची मुद्रा पाहण्यासारखी झाली. अखेरीस सर्वानुमते असे ठरले, की दादांनी एसटीच्या मागच्या बाकावर बसून चंदनापुरीचा घाट एकदा उतरावा, म्हणजे खडा आपोआप पडेल. मी या सूचनेस हसणार होतो. पण पुतणीने माहिती पुरविली, की मिशिगन राज्यातील डेव्हिड वार्टिंगर नामक डॉक्टराने मूत्रपिंडाची रबरासारखी प्रतिकृती पाठपिशवीत घालून डिस्नेच्या वर-खाली धावणाऱ्या आगगाडीतून वारंवार फिरविली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की पुढच्या आसनावर बसल्यास सुमारे १७ टक्के खडे पडतात आणि मागच्या आसनावर सुमारे ६४ टक्के. या संशोधनास २०१८ साली विनोदी नोबेल पारितोषिकही मिळाले. आमच्या तालुक्यातील प्रवासी हा सिद्धांत पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसून जाणत होते. त्यांनी तो फक्त प्रसिद्ध केला नाही. मात्र ते प्रयोग लहान खड्यांचे होते आणि दादांचा खडा बड्या घरचा असल्यामुळे, शिवाय एसटीच्या तिकिटाचा परतावा कोणत्याही क्रमांकाखाली मिळत नसल्यामुळे, तो मार्ग सोडून द्यावा लागला.

मग दवाखाना. ‘दुर्बिणीद्वारे व लेझरद्वारे’ ही अक्षरे हल्ली आमच्याकडच्या पाटीपाटीवर असतात. पुण्याच्या वाटेवर नारायणगावाजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अंतराळाकडे तोंडे करून बसल्या आहेत, आणि अलीकडे संगमनेरात पेन्सिलीहून बारीक दुर्बीण माणसाच्या अंतर्यामात डोकावते. विश्वाच्या दोन्ही टोकांचा शोध असा एकाच रस्त्यावर चालू आहे. परंतु दुर्बीण आत जाण्यापूर्वी मंजुरी यावी लागते. कन्येच्या कंपनीने आईवडिलांचाही विमा उतरविला होता, म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या खड्यांच्या कमाईवर घरचा खडा फुटावयाचा होता. आणि तो फुटावा की न फुटावा हे विमा कंपनीच्या वतीने टीपीए नावाची एक अदृश्य शक्ती ठरविणार होती. ही प्रथा आधुनिक आहे असे कोणी समजू नये. सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगून तिच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे, आणि तेथेच बजाविले आहे, की न कापल्यास मृत्यू निश्चित आणि कापल्यास जगण्याचा संशय, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुज्ञा घ्यावी. प्रीऑथची, म्हणजे पूर्वमंजुरीची, कल्पना इतकी प्राचीन आहे. फरक इतकाच, की सुश्रुताच्या काळी राजा संगणकावरून क्वेरी टाकीत नसे.

क्वेरी आली. ‘सदर व्याधी प्रथम केव्हा उद्भवली, याबाबत उपचारकर्त्या डॉक्टरांचा दाखला जोडावा, तसेच पहिल्या तपासणीचा कागद सादर करावा.’ सामान्य मनुष्य अशा वेळी संतापतो. दादांनी मात्र तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि त्यांच्या वेदनाग्रस्त चर्येवर एक अननुभूत समाधान पसरले. “शेरा उत्तम आहे,” ते म्हणाले. “कोणीतरी जाणता माणूस बसला आहे तिथं. पहिल्या तारखेचा पुरावा मागितल्याशिवाय मीही कधी फेरफार धरला नाही.”

मंजुरीची वाट पाहत आम्ही काउंटरसमोरच्या बाकावर बसलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राकडे पठार भागातून आलेला एक शेतकरी उभा होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोचली, २०१७ साली तिला फुल्यांचे नाव मिळाले, आणि आरंभीच्या दीड लाखांची मर्यादा आता ५ लाखांवर गेली आहे. तिच्या बळावर कैक कुटुंबांचे बैल आणि दागिने वाचले आहेत. परंतु त्या शेतकऱ्याच्या शिधापत्रिकेवर ‘भाऊ’ होते आणि आधारवर ‘भाऊसाहेब’. एका कागदावर जिल्हा अहमदनगर, दुसऱ्यावर अहिल्यानगर. त्याची पिशवी टेबलावर रिकामी झाली होती: रबरबँड लावलेल्या झेरॉक्सची चळत, कोपरे दुमडलेले एक्स-रेचे पाकीट, आणि तळाशी भाकरीचे फडके. आरोग्यमित्र सज्जन होता, बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “बाबा, खड्याचं काही नाही, नावाचं आहे.” खडा दोन्ही कागदांवर एकच होता, माणूस मात्र दोन निघाला होता. हे ऐकताच दादा पोट धरून उठले, “कोरा कागद आणा” म्हणाले, आणि ‘भाऊ ऊर्फ भाऊसाहेब हे दोन्ही इसम एकच असून’ असा स्वयंघोषणेचा मजकूर त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. तो मजकूर इतका निर्दोष होता, की आरोग्यमित्राने आपल्या संग्रहासाठी त्याची एक प्रत काढून घेतली.

शस्त्रक्रिया यथासांग झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी ‘घरी जा’ म्हणून सांगितले, आणि दादा धोतर नेसून, टोपी घालून, पलंगाच्या कडेवर बसले. कारण मनुष्य बरा झाला तरी बिल बरे झाल्याखेरीज त्यास उठता येत नाही. विमा नियामकाने २०२४ साली फर्मान काढले आहे, की कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी. त्या ३ तासांत दादांनी बिलाचे कलमवार वाचन केले. भूल, सर्जन, लेझर, स्टेंट, सारे त्यांनी मान डोलावून मान्य केले. हातमोजे या कलमावर ‘देय नाही’ असा शेरा होता. “म्हणजे डॉक्टरांनी उघड्या हातानं करावं अशी कंपनीची इच्छा आहे काय?” त्यांनी विचारले. काउंटरवरील मुलगी म्हणाली, “आजोबा, तशी यादीच आहे. मोजे नॉन-मेडिकल धरतात.” यादी आहे म्हटल्यावर दादा निमूट झाले.

त्यांचा खरा आक्षेप निराळाच होता. निघताना त्यांनी डॉक्टरांना हात जोडले आणि पृच्छा केली, “मुद्देमाल?” डॉक्टरांनी हसून सांगितले, की लेझरने खड्याची भुकटी झाली आणि ती पाण्याबरोबर वाहून गेली. दादांचा चेहरा पडला. इतके कागद, इतके आकडे, इतका खर्च, आणि डबीत ठेवावयास रवाळ कणही नाही! १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिक येथे विमानांच्या कारखान्यातून निघालेल्या आघातलहरींनी प्रथमच माणसाच्या पोटातला खडा बाहेरून फोडला गेला, तेव्हापासून वैद्यकाने खडे फोडण्यात जी जी प्रगती केली, ती ती आमच्या समाचार घेण्याच्या पद्धतीच्या मुळावर आली आहे. घरी आलेल्या पाहुण्यांस दादा आता बिलाची प्रत दाखवितात. लोक ती कानाशी नेऊन हलवीत नाहीत, पण अखेरची रक्कम पाहून ‘केवढा हो हा!’ असे मात्र म्हणतात.

पुन्हा खडा होऊ नये यासाठी डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला होता: दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पीत जावे. दादा चहाखेरीज कोणत्याही द्रवास द्रव मानीत नाहीत. परवा ओसरीवर बसलो असता मी म्हणालो, की बदकाच्या धडकेस तीन तीन नोंदी देणाऱ्या या शास्त्रात, ज्या इलाजास दमडी पडत नाही त्या पाणी पिण्याच्या सल्ल्यास मात्र आकडा नसावा, यातच त्याचे मर्म आले. माडीच्या जिन्यावरून पुतणी खाली येत होती. ती म्हणाली, “आहे की काका. झेड ७१.३. आहाराविषयी सल्ला. फक्त डॉक्टरांनी तो कागदावर लिहिलेला पाहिजे. तोंडी सांगितलेलं सांगितलं असं धरत नाहीत.”

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. दादांनी डिस्चार्ज कार्ड मागवून घेतले, पुढून पाहिले, मागून पाहिले, घडी घालून खिशात ठेवले, आणि म्हणाले, “यात पाण्याचा उल्लेख नाही. आधी लेखी आणा, मग पितो.”